पाटीवरचे दिवस आणि बंद पडलेला अलार्म: धोकादायक कारखान्यांतल्या सुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

रासायनिक कारखान्यांतल्या सुरक्षेविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची आली, काही छोट्या कारखानदारांची, काही औद्योगिक वसाहतीला लागून राहणाऱ्यांची. माझी अर्धी नोकरी प्लांट चालवण्यात गेली आणि उरलेली प्लांट तपासण्यात. त्या अनुभवावरून उत्तरं देतो आहे. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गेटवर ‘विनाअपघात ११४० दिवस’ अशी पाटी आहे. साहेब लोक पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवतात. पण टाकीचे दोन लेव्हल अलार्म वर्षभर बंद आहेत आणि एक इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) ‘तात्पुरता’ बायपास केलेला, म्हणजे वगळून ठेवलेला आहे. पाटीवर विश्वास ठेवू की मला वाटणाऱ्या भीतीवर? (पाळी पर्यवेक्षक, लोटे)

भीतीवर. पाटी खोटं बोलत नसेल, पण ती वेगळ्याच गोष्टीचं मोजमाप आहे. घसरून पडणं, बोट चेमटणं, डोळ्यात कण जाणं यांचे दिवस ती मोजते. ते मोजायलाच हवेत. मात्र टाकी भरून वाहील का, रिॲक्टर (रासायनिक अभिक्रिया घडवणारं भांडं) हाताबाहेर जाईल का, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नसतं.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला आणि ११ जण गेले. त्याच दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. रजा घ्यावी लागेल अशी एकही दुखापत सात वर्षांत झाली नाही, याचं कौतुक त्या भेटीत व्हायचं होतं. त्याआधी २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १५ जण मेले आणि १८० जखमी झाले. तिथला एक उंच टॉवर सुरू करताना प्रमाणाबाहेर भरला. लेव्हल दाखवणारं यंत्र मात्र पातळी उतरतेय असं सांगत होतं, आणि वरच्या पातळीचा एक अलार्म वाजलाच नाही. आधीच्या बहुतेक वेळीही टॉवर सुरू करताना तो असाच जास्त भरला जात होता. काही बिघडलं नाही, म्हणून ती रीतच होऊन बसली. नंतर नेमलेल्या समितीने स्पष्ट म्हटलं, की वैयक्तिक दुखापतींच्या कमी आकड्यांवर विसंबून कंपनीने प्लांटच्या सुरक्षेबद्दल स्वतःचा गैरसमज करून घेतला होता.

भोपाळचंही तेच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कागदावर वायू रोखणारे सगळे अडथळे हजर होते. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्महिने बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप काढून ठेवलेला होता आणि वायू शोषून घेणारा स्क्रबर चालू अवस्थेत नव्हता. संकट आणि माणूस यांच्यामध्ये काय काय उभं आहे, आणि त्यातलं आज, या पाळीत, काय चालतं आहे, हे मी कुठल्याही प्लांटमध्ये आधी विचारतो.

एक कबुली देतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ज्वलनशील सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) एका टाकीचा वरच्या पातळीचा स्विच ‘दोन दिवसांसाठी’ बायपास झाला होता. पाच महिने प्रत्येक पाळीत मी लॉगबुकात त्याच्यापुढे ‘बायपास, ठीक’ लिहून सही करत होतो. एका रात्री टाकी वाहिली आणि तिच्याभोवतीच्या बंधाऱ्यात घोटाभर सॉल्व्हंट साचलं. शेजारच्या शेडमधलं वेल्डिंगचं काम तासाभरापूर्वीच संपलं होतं. त्या तासाभरामुळे मी आज हे लिहू शकतो आहे. ‘ठीक’ हा शब्द मी तेव्हापासून लॉगबुकात लिहिलेला नाही.

तुम्ही करण्यासारखं एक काम आहे. बंद किंवा बायपास असलेल्या प्रत्येक सुरक्षा उपकरणाची एका पानावर यादी करा. काय बंद आहे, कधीपासून, कुणाच्या परवानगीने, त्याच्या बदली सध्या काय करतो आहोत आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला होणार, एवढं लिहा. ते पान दर पाळीला प्लांट मॅनेजरच्या सहीला जाऊ द्या. तोंडी तक्रार विरून जाते. ज्याच्या सहीचं पान आहे, त्याला मात्र झोप लागत नाही. आणि जमलं तर ते पान गेटवरच्या पाटीशेजारी लावा.

प्रश्न : मी ठेकेदाराकडे ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) काम करतो. टाकी साफ करायला आत उतरावं लागतं. ठेकेदार म्हणतो, ‘वास येत नाही ना, मग उतर.’ शेजारच्या कंपनीत एक जण आत पडला आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला. आम्ही नेमकं काय बघायचं? नाही म्हटलं तर काम जातं. (कुरकुंभ)

‘वास येत नाही’ याचा अर्थ वायू नाही असा होत नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, तोही दहा लाखांत एका भागापेक्षा कमी असताना. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं, की नाकाची संवेदनाच मरते. वास थांबतो तेव्हा तो विषारी वायू वाढलेला असू शकतो. आणखी वर गेल्यावर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. गाळ ढवळला, की साचलेला वायू एकदम सुटतो. म्हणून उतरताना ठीक असलेली टाकी दहा मिनिटांनी ठीक असेलच असं नाही. नायट्रोजन सोडलेल्या टाकीत ऑक्सिजन उरत नाही, आणि तिला तर कसलाच वास नसतो.

उतरण्याआधी मीटरने वरची, मधली आणि तळाची हवा तपासलीच पाहिजे. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. हा क्रम यासाठी, की ऑक्सिजन कमी असला तर ज्वलनशील वायूचा सेन्सर चुकीचं दाखवतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. टाकीला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह नुसता बंद करून चालत नाही, कारण व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही गळतात. लाइन सोडवा किंवा फ्लॅन्जमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे बंद चकती, टाका. ढवळणीची वीज तोडून स्विचला कुलूप लावा आणि त्याची किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात असू द्या. ब्लोअरने हवा सतत खेळती ठेवा. सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडण्याचा उद्योग काही ठिकाणी पाहिला आहे. तो कधीही करू नका. ऑक्सिजन वाढला, की एका ठिणगीत कपडे पेट घेतात. काडतूसवाला मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता वाचवायला जाण्याबद्दल. अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली म्हटलं होतं, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांमध्ये साठ टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात. आपल्याकडे तर भाऊ भावामागे उतरतो. मॅनहोलवर उभ्या असलेल्या माणसाने आत पाय टाकायचा नाही, मग आत त्याचा सख्खा भाऊ का असेना. त्याचं काम बाहेरून दोर ओढण्याचं. म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगात हार्नेस आणि वर तिपाई व विंच हे काम सुरू होण्याआधीच हवं. ते नसेल तर बाहेर उभा राहिलेला माणूस फक्त साक्षीदार ठरतो.

नकाराबद्दल. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातलेल्या तरतुदींनी धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला जवळच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही असा हक्क आहे. पण पोटावर बेतलेलं असताना कायद्याचं कलम किती उपयोगी पडतं, हे मला माहीत आहे. त्यामुळे ‘मी उतरत नाही’ म्हणण्याऐवजी ‘मीटरचं रीडिंग परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) लिहून सही द्या, मी उतरतो’ असं म्हणा, आणि एकट्याने नको, पाच जणांनी मिळून म्हणा. सही मागितली, की बहुतेक साहेब स्वतःच मीटर शोधायला धावतात. तरीही दबाव आला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

आणि कारखानदारांनो, ठेकेदार तुमचा असला तरी टाकी तुमची आहे. तिच्यात काय साचलं आहे ते त्या बिगारी पोराला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

प्रश्न : माझा छोटा कारखाना आहे, तीन रिॲक्टर. मागणी वाढली म्हणून तीच बॅच थोडी मोठी घ्यायचा विचार आहे. प्रक्रिया दहा वर्षं जमलेली आहे. हॅझॉप (धोक्यांचा पद्धतशीर अभ्यास) वगैरे मोठ्या कंपन्यांचे खर्च आम्हाला परवडत नाहीत. (अंबरनाथ)

थांबा. याच वाटेवर चांगले, शिकलेले लोक गेलेले आहेत.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. मालक स्वतः रसायनतज्ज्ञ आणि केमिकल इंजिनिअर. बेचाळिसाव्या बॅचपासून त्यांनी बॅच साधारण एक तृतीयांशाने वाढवली. शंभराहून जास्त बॅचेस सुरळीत गेल्या. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५व्या बॅचला थंड पाण्याची व्यवस्था बिघडली. दुसरी सोय नव्हती. चौघे गेले, त्यांत एक मालकही होता.

उष्णता देणाऱ्या अभिक्रियेचं गणित साधं आणि निर्दयी आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं, की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रिॲक्टरभोवतीच्या थंड जॅकेटमधून निघून जाणारी उष्णता मात्र तापमानातल्या फरकाच्या सरळ प्रमाणातच वाढते. त्यात रिॲक्टर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा केला, तर आतला माल आठपट होतो आणि थंड करणारी भिंत चौपटच होते. प्रयोगशाळेतला चंबू नुसत्या खोलीच्या हवेने थंड राहतो, दहा हजार लिटरचा रिॲक्टर आपली उष्णता पोटात साठवून ठेवतो. एका विशिष्ट बिंदूनंतर चिलर (थंड पाणी पुरवणारं यंत्र) पूर्ण उघडला तरी काही होत नाही. मग रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून तो बाहेर सोडणारी चकती) फुटायला हवी, आणि तिचा आकारही त्या बेफाम अभिक्रियेचा हिशेब करून ठरवलेला असावा लागतो.

हॅझॉप म्हणजे जादू नव्हे. प्रक्रिया जाणणारे चार-पाच जण दोन दिवस बसून एकेका लाइनवर ‘जास्त झालं तर’, ‘कमी झालं तर’, ‘उलटं गेलं तर’ असं विचारत जातात, एवढंच. तुमचा सर्वांत जुना ऑपरेटर त्यात हवाच. बाहेरचा जाणकार दोन दिवसांसाठी बोलवा. ते तुम्हाला परवडेल. खर्चाची खरी बाब म्हणजे तुमच्या अभिक्रियेची उष्णता कॅलरीमीटरवर मोजून घेणं. तीही एका बॅचच्या किमतीच्या हिशेबात बसते. बॅच वाढवण्याआधी तीन उत्तरं लिखित हवीत : चार्जिंगच्या (कच्चा माल भरण्याच्या) मध्यात वीज गेली तर काय, ढवळणी थांबली तर काय, आणि ऑपरेटरने एक कच्चा माल दुप्पट वेगाने सोडला तर काय. एमआयडीसीत वीज जाणं हा अपवाद नाही, त्यामुळे पहिलं उत्तर ‘जनरेटर आहे’ एवढ्यावर सोडू नका. तो किती सेकंदांत सुरू होतो आणि चिलर त्याच्यावर आहे का, हे एखाद्या रविवारी करून पाहा.

ओघात एक सांगतो. डोंबिवलीत २३ मे २०२४ रोजी स्फोट झाला तेव्हा सगळीकडे ‘बॉयलर फुटला’ असंच छापून आलं. पुढे तो रिॲक्टरचा स्फोट असल्याचं समोर आलं. हा शब्दांचा कीस नाही. बॉयलरला स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र तपासणी आहे. आपण प्रत्येक स्फोटाला बॉयलर म्हणत राहिलो, तर रिॲक्टरकडे बघायचं राहूनच जातं.

आणि तुमच्या पत्रातला ‘थोडी’ हा शब्द. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथे १९७४ साली एक तडकलेला रिॲक्टर काढून त्या जागी तात्पुरता पाइप बसवला. त्याचं एकमेव ‘ड्रॉइंग’ वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलं होतं. १ जूनला तो पाइप निखळला आणि २८ जण मेले. बदल छोटा की मोठा, हे तो करणाऱ्याने ठरवायचं नसतं. म्हणून बदल लिहून दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालण्याची शिस्त आली.

प्रश्न : आमच्याकडे परमिट म्हणजे सकाळी गठ्ठ्याने सह्या. ही पद्धत मोडायची कशी? (कनिष्ठ अभियंता, तारापूर)

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर काय झालं, ते तुमच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सुरक्षा बैठकीत) सांगा. दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लॅन्ज लावला होता. त्याचं परमिट होतं. पाळी बदलताना ते पुढे पोचलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि नियंत्रण कक्षाने व्हॉल्व्ह काढलेला हाच पंप सुरू केला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या आणि त्या उद्योगाची तऱ्हाच बदलली.

तुम्ही एवढंच सुरू करा : स्वतः जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करायची नाही. दिवसाला तीसऐवजी दहाच परमिट निघतील. निघू द्या. बाकीची वीस कामं उद्या होतील. पाळी सोपवताना परमिटचे कागद हातात घेऊन, येणाऱ्या माणसासोबत त्या पंपापर्यंत चालत जा. उभ्याउभ्या ‘सगळं नॉर्मल’ म्हणून बस पकडायला पळणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी वाईट खोड आहे.

प्रश्न : जोखीम तक्त्यात आम्ही शक्यता गुणिले परिणाम असा गुणाकार करतो. ‘शंभर जण मरतील पण शक्यता एक’ याला परिणामाचे पाच गुणिले एक असे पाच गुण आणि हिरवा रंग येतो. हे बरोबर आहे? (सुरक्षा अधिकारी, रसायनी)

नाही. शक्यता एक हा आकडा कुणीतरी टेबलावर बसून अंदाजाने टाकलेला असतो, आणि पूर्वी झालं नाही एवढाच बहुधा त्याचा आधार असतो. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, बॉम्बे हाय नॉर्थ मंचाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज आलं होतं. जहाजावरच्या जखमी स्वयंपाक्याला मंचावर हलवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज वायू वाहून आणणाऱ्या रायझरवर (उभ्या पाइपवर) आदळलं. आग लागली, सुमारे दोन तासांत अख्खा मंच कोसळला, २२ जण गेले. जखमीला मदत करण्यासारख्या चांगल्या कामातूनही ती वाट उघडली.

ज्या ओळीत अनेक मृत्यू दिसतात ती ओळ गुणाकारातून बाहेर काढा. तिला रंग देऊ नका. तिच्यासमोर अडथळ्यांची नावं आणि प्रत्येकाची शेवटची चाचणी कधी झाली त्याची तारीख लिहा. आणि त्याच्याही आधी विचारा, की हा साठा इतका लागतो का? ब्रिटिश तज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ आयुष्यभर हेच सांगत राहिले : जे साठवलंच नाही ते गळूच शकत नाही.

प्रश्न : चुकीचा व्हॉल्व्ह उघडला म्हणून आमच्या ऑपरेटरला काढून टाकलं. हे योग्य आहे का? (तळोजा)

त्या दोन व्हॉल्व्हवर नावं रंगवलेली होती का? दोन्ही एकसारखे आणि शेजारी-शेजारी होते का? तो सलग दुसऱ्या पाळीत होता का? यातल्या एकाचंही उत्तर अडचणीचं असेल, तर त्याच्या जागी आलेला माणूसही तोच व्हॉल्व्ह उघडेल. शिवाय आता बाकीचे सगळे आपल्या चुका लपवतील आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची बातमी तुमच्यापर्यंत पोचणं बंद होईल. तुमचं सर्वांत मोठं नुकसान तेच. त्याला परत बोलवा.

प्रश्न : आम्ही वसाहतीच्या कुंपणापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. रात्री घाण वास येतो, कधी डोळे चुरचुरतात. वायुगळती झालीच तर लहान मुलांना घेऊन पळायचं की घरात थांबायचं? (गृहिणी, डोंबिवली)

बहुतेक वेळा घरात. वायूचा ढग पुढे सरकत जातो, आणि बंद खोलीत त्याचं प्रमाण बराच काळ बाहेरच्यापेक्षा कमी राहतं. दारं-खिडक्या लावा, एसी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा. क्लोरीनसारखे जड वायू खाली साचतात, त्यामुळे तळमजल्यावर असाल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा. अमोनियासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या वायूला ते काही प्रमाणात अडवतं. वास घरगुती गॅससारखा असेल तर विजेच्या बटणाला हात लावू नका. बाहेर रस्त्यावर असाल तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, ढग तुमच्यासोबत येईल. वाऱ्याला आडवं चाला. दिशा कळायला गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे किंवा झाडाच्या फांद्या पुरतात. पोलीस किंवा अग्निशमन दलाने बाहेर पडायला सांगितलं तर मात्र थांबू नका. मदतीसाठी ११२.

सायरनची वाट पाहू नका. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली आणि १२ जण गेले, पण सायरन वाजलाच नाही. तुमच्या भागातही २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ बळी गेले होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तुमचा एक हक्क आहे, जो कुणी वापरत नाही. १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका काय आणि अशा वेळी काय करावं, याची माहिती द्यायलाच हवी. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजनेची दरवर्षी रंगीत तालीम व्हायला हवी. १९९६ च्या नियमांनी स्थानिक पातळीवर आपत्ती गट स्थापन करायला सांगितलं आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि विचारा : आमच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत कोणती रसायनं किती टन आहेत, सायरनचा अर्थ काय, मागची तालीम कधी झाली आणि पुढची केव्हा आहे. पत्रावर पोच घ्या. तालमीची तारीख कळली, की इमारतीतल्या मुलांनाही त्या दिवशी दारं-खिडक्या लावायला लावा.